शनीच्या दारचा शुभ्र चंद्र

शनीचं नाव काढलं की आपल्याला साडेसाती नाहीतर शनिवारची तेलाची वाटी आठवते. पण मैत्रिणींनो, त्याच शनीभोवती एन्सेलाडस नावाचा एक चिमुकला चंद्र फिरतो. तो इतका शुभ्र, की नीळ दिलेलं पातळही त्याच्यापुढं मळकं वाटावं! विल्यम हर्शेलनं तो १७८९ साली शोधला. व्यास अवघा ५०० किलोमीटर आणि वरून सगळा बर्फच बर्फ.

तिथली थंडी विचारू नका, शून्याखाली २०० अंशांच्या आसपास! वजनाची मात्र चैन. इथं ६० किलो भरणारी बाई तिथं पाऊण किलोही भरायची नाही.

उत्तरेकडची जमीन जुनी, खड्ड्याखड्ड्यांची. खड्ड्यांना नावं अरबी गोष्टींतली, अल्लाउद्दीन, अलीबाबा अशी. रोज रात्री गोष्ट सांगून स्वतःचा जीव वाचवणारी शहरजादही आहे बरं का!

दक्षिण टोकाला मात्र खड्डे दिसतच नाहीत. तिथं वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारख्या चार लांबलचक भेगा आहेत: अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद आणि दमास्कस. प्रत्येक सुमारे १३० किलोमीटर लांब. १९९७ साली पृथ्वीवरून निघालेलं कॅसिनी यान २००४ साली शनीपाशी पोचलं, आणि दुसऱ्याच वर्षी त्याला दिसलं की या भेगांतून वाफ आणि बर्फाचे कण कारंज्यासारखे उसळताहेत. त्यातले बरेचसे कण भुरभुरत परत खाली पडतात. म्हणून तर हा चंद्र असा नवाकोरा राहतो.

एवढ्या गारठ्यात ऊब कुठली, असं तुम्ही म्हणाल. शनीभोवती फिरताना हा कधी थोडा जवळ जातो, कधी लांब. त्या कमीजास्त ओढीनं, कणीक तिंबावी तसा तो आतून सारखा तिंबला जातो आणि तापतो. बर्फाखाली खारा समुद्र आहे. मीठ, कार्बनची संयुगं आणि, २०२३ साली कळलं, फॉस्फेटसुद्धा! जिवाला लागणारं बरंचसं सामान डब्यांत आहे. चूल पेटली आहे का, ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

कॅसिनीचं इंधन संपत आलं, तेव्हा पंचाईत झाली. ते भरकटून या चंद्रावर आदळलं असतं, तर पृथ्वीवरचे चिवट जंतू त्या पाण्यात शिरायची भीती. ते पाणी बाटवायचं नाही, असं शास्त्रज्ञांनी ठरवलं. तेरा वर्षं राबलेलं ते यान १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांनी मुद्दाम शनीच्या वातावरणात घातलं. संपर्क तुटेपर्यंत ते माहिती धाडत होतं.