पंचनाम्यातली भुतं

पॅरिसमधल्या एका जिन्यावरच्या दाराला पाटी होती: ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’. आत राहणारा युजीन आत्जे आधी खलाशी होता, मग फिरत्या नाटकमंडळीतला नट. दोन्हीकडे जम बसला नाही तेव्हा त्याने कॅमेरा उचलला. चित्रकारांना आणि संग्रहालयांना जुन्या शहराचे फोटो विकायचे, हा त्याचा धंदा. जिन्यांचे कठडे, दारांच्या कड्या, पाणी साचलेली अंगणं. भुताखेतांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

भुतं आली ती कॅमेऱ्यातून.

आत्जे बरेचदा भल्या सकाळी निघायचा. गर्दी मध्ये येत नाही. लाकडी कॅमेऱ्यात 18 बाय 24 सेंटीमीटरची काच, तीही मंद. भिंगावरचं झाकण काढलं की काही सेकंद वाट पाहायची. तेवढ्यात झपझप निघून गेलेला माणूस काचेवर उमटतच नसे. जरा रेंगाळला, तर धुराची रेघ उरे. म्हणून कुठे दारात नुसता अंगरखा उभा दिसतो, त्यावर चेहऱ्याच्या जागी डाग. वरच्या कोपऱ्यांत काळोख जमलेला, कारण भिंग वर सरकवलं की त्याचा उजेड काचेच्या टोकापर्यंत पोचत नाही.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन समीक्षकाने 1931 साली या रिकाम्या रस्त्यांच्या संदर्भात गुन्ह्याच्या जागेची आठवण काढली. मराठीत शब्द तयारच आहे: पंचनामा. पंचनामा करणारा हळहळत नाही, नोंदी करतो, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या कोरडेपणामुळेच.

गोबलँ रस्त्यावरची 1925 सालची दुकानं पाहावीत. सूट घातलेले पुतळे, अंगावर किमतीच्या चिठ्ठ्या, ओठांवर हसू. त्यांच्या अंगावरून समोरची इमारत आणि झाडं काचेत तरंगताहेत. दुकान रस्त्यात शिरलंय की रस्ता दुकानात, ठरवता येत नाही. सगळ्या रस्त्यात हसरे काय ते हेच.

गर्दीचाही एक फोटो आहे. एप्रिल 1912, बास्तीय चौक, सूर्यग्रहण. सगळ्यांच्या माना वर, डोळ्यांवर हात. ते पाहताहेत ते आकाश मात्र चौकटीबाहेर. रिकाम्या गल्ल्यांपेक्षा हाच जास्त बेचैन करतो. आत्जेच्याच गल्लीत राहणाऱ्या मॅन रे या छायाचित्रकाराने 1926 साली तो अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी घेतला. आत्जेने बजावलं: माझं नाव घालू नका, हे नुसते दस्तऐवज आहेत.

नाव छापलं गेलं नाही.