उत्तर कोणत्या पत्त्यावरून?

दिवाळी अंकाचं काम करणाऱ्याकडे साहित्य पावसाळ्याआधीच यायला लागतं. कथा, कविता, मग त्यांच्या सुधारित प्रती, मग ‘आधीची फाइल धरू नका, ही धरा’ अशी पत्रं. आमच्याकडे हे सगळं अंकाच्या संपादकीय पत्त्यावर येतं. त्याच संगणकावर, थंडरबर्ड या त्याच मेल प्रोग्रॅममध्ये माझ्या भाषांतराच्या व्यवसायाचा पत्ता आहे, घरगुती पत्ता आहे आणि मी सचिव असलेल्या सोसायटीचाही आहे. इतक्या पत्त्यांचं टपाल एकाच खिडकीत उतरतं, तेव्हा पाठवण्याआधी फ्रॉमची ओळ वाचणं हे मला शुद्धलेखन तपासण्याइतकंच आवश्यक वाटतं.

लेखक पत्र लिहितो ते अंकाला. कथा स्वीकारल्याचं उत्तर माझ्या घरगुती पत्त्यावरून गेलं, तर मजकुरात काहीच बिघडत नाही; बिघडतं ते पुढे. लेखक त्याच उत्तराला उत्तर देतो आणि सुधारित प्रत माझ्या घरच्या पेटीत येऊन पडते. पानं लावणारी सहकारी संपादकीय पेटी उघडते, तिला जुनीच प्रत दिसते आणि ती तीच लावते. शिवाय बहुतेक मेल प्रोग्रॅम समोरच्याचा पत्ता आपणहून साठवतात. पुढच्या वर्षी लेखक नावाची दोन अक्षरं टाइप करतो आणि तोच घरगुती पत्ता वर येतो. एकदा चुकीच्या दाराने गेलेलं उत्तर असं वर्षानुवर्षं टपाल वळवत राहतं.

म्हणून हे काम शक्य तेवढं यंत्राकडे सोपवावं, पण यंत्र ते कसं करतं हे समजून घेऊन. थंडरबर्डमध्ये अकाउंट वेगळं आणि आयडेंटिटी वेगळी. टपाल येतं ते अकाउंटमध्ये. जातं ते आयडेंटिटीच्या नावाने. एका अकाउंटला अनेक आयडेंटिटी जोडता येतात आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव, स्वतःची सही, स्वतःचा पाठवणारा सर्व्हर, पाठवलेल्या पत्रांचा स्वतःचा फोल्डर देता येतो. ‘रिप्लाय’ दाबलं की प्रोग्रॅम आलेल्या पत्राच्या ‘टू’ आणि ‘सीसी’मध्ये आपला कोणता पत्ता आहे ते शोधतो आणि ती आयडेंटिटी लावतो.

अडतं ते पत्र बीसीसीने आलं की, किंवा एका पत्त्यावरचं टपाल दुसऱ्या पेटीत वळवलेलं असलं की. तिथे ‘टू’मध्ये त्या पेटीचा पत्ता नसतोच, आणि प्रोग्रॅम त्या अकाउंटची नेहमीची आयडेंटिटी घेऊन मोकळा होऊ शकतो. अशा वेळी कंट्रोल आणि यू दाबून पत्राचा मूळ स्रोत उघडावा. पुष्कळ सर्व्हर तिथे ‘डिलिव्हर्ड-टू’सारखी ओळ घालतात आणि पत्र नेमकं कोणत्या पत्त्यावर पोचलं ते तीत असतं. आयडेंटिटीच्या सेटिंगमध्ये एक चौकट आहे: पोचवणीच्या ओळीत अमुक पत्ता दिसला तर उत्तर याच आयडेंटिटीतून द्यावं. तीत तारांकनही चालतं, म्हणजे एका डोमेनवरचे कथा, कविता, जाहिरात असे सगळे पत्ते एकाच नियमात बसतात. ही चौकट फार थोडे लोक उघडून बघतात याचं मला वाईट वाटतं, कारण रोजचा केवढातरी त्रास ती वाचवते.

पाठवणाऱ्या सर्व्हरबाबत मात्र आळस नको. पूर्वी कुठल्याही सर्व्हरवरून कुठलाही फ्रॉम लावून पत्र खपून जायचं. आता पाठवणाऱ्या डोमेनची सत्यता पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आहेत. सोसायटीच्या डोमेनचं पत्र माझ्या घरगुती सर्व्हरवरून निघालं, तर घेणाऱ्याकडे ते स्पॅममध्ये जाऊ शकतं, परतही येऊ शकतं. ज्या डोमेनचा पत्ता, त्याच डोमेनने मान्य केलेला सर्व्हर.

एकाने लिहावं आणि दुसऱ्याच्या नावाने ते जावं, ही गोष्ट ईमेलने फार पूर्वीपासून गृहीत धरली आहे. ऑगस्ट १९८२मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी तयार केलेल्या आरएफसी ८२२ या मानकात फ्रॉम आणि सेंडर या दोन स्वतंत्र ओळी आहेत. त्यातल्या उदाहरणांत साहेबांच्या वतीने पत्र पाठवणारी चिटणीस आहे. पत्र तिच्या लॉगिनमधून जातं, उत्तर मात्र साहेबांकडे यायला हवं. माणूस आणि त्याचं पद वेगळं ठेवण्याची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. नावाचंही तसंच. अंकाच्या आयडेंटिटीत मी नाव देवनागरीत ठेवलं आहे. १९९६च्या आरएफसी २०४७मुळे ते सांकेतिक रूपात प्रवास करून समोर देवनागरीतच उमटतं. परदेशी प्रकाशकांशी बोलणाऱ्या आयडेंटिटीत तेच नाव रोमन लिपीत आहे.

एवढं झालं तरी काही पत्रांपुरता निर्णय आपल्याकडेच राहतो. शेजारचे काका गच्चीतल्या गळतीची तक्रार माझ्या घरगुती पत्त्यावर पाठवतात, कारण त्यांच्या लेखी मी सचिव नंतर, शेजारी आधी. नियमाप्रमाणे उत्तर घरगुती पत्त्यावरून जाईल. पण गळतीचा खर्च, ठेकेदाराचं अंदाजपत्रक, समितीचा ठराव हे सगळं सोसायटीच्या दप्तरात असायला हवं. मी उत्तराच्या खिडकीत फ्रॉम बदलतो. त्यासोबत सहीही बदलते. पहिल्याच ओळीत लिहितो, ‘काका, तुमचं पत्र सोसायटीच्या पत्त्यावर घेतलं आहे, पुढचं इथेच लिहा.’ ही ओळ न लिहिता नुसता पत्ता बदलणं मला तुटक वाटतं. माणसाने आपुलकीने लिहावं आणि कचेरीने उत्तर द्यावं, तसं. उलटही घडतं. एखादी जुनी लेखिका संपादकीय पत्त्यावर कथा पाठवते आणि खाली आईच्या आजारपणाबद्दल चार ओळी लिहिते. तिला मी दोन उत्तरं पाठवतो. कथेचं अंकाकडून, आईचं माझ्याकडून. सहकाऱ्यांनी उघडायच्या पेटीत त्या चार ओळींवरचं बोलणं वाढू नये, एवढी काळजी तिच्या विश्वासापोटी घ्यायलाच हवी.

सोसायटीच्या आयडेंटिटीला पाठवलेल्या पत्रांचा फोल्डर मी त्याच अकाउंटमध्ये, सर्व्हरवर ठेवला आहे. समिती बदलेल तेव्हा नव्या सचिवाला पासवर्ड मिळाला की आवक आणि जावक दोन्ही त्यांच्यासमोर उघडतील. गळतीबद्दल काकांना काय कळवलं होतं, हे विचारायला त्यांना माझी बेल वाजवावी लागणार नाही.