आपल्याच चिऱ्याचे से कॅथेड्रल

धारगळहून जुने गोवे फार लांब नाही. तरी आईला घेऊन से कॅथेड्रल पाहणे यंदाच जमले. गाइडने सांगितले, बांधकाम १५६२ साली सुरू झाले. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभारलाच नाही. उरलेल्यातली ‘सोन्याची घंटा’ इन्क्विझिशनच्या शिक्षांच्या वेळी वाजे, हे ऐकून आई गप्प झाली. आपला पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली. तोवर धर्माचा जाच सैल झाला होता, म्हणून आपली देवळे जागेवर राहिली. नंतर आईने भिंतीकडे निरखून पाहिले. “आत आपल्या घरासारखाच चिरा आहे रे!” दगड इथला, घडवणारे हातही इथलेच. मुलांना घंटेची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या हातांचीही सांगा.