उत्तर कोलकात्यातील जुनी घरे

रवींद्र सरणीने जोडासाँकोकडे जाताना जुन्या घरांच्या हिरव्या खिडक्यांकडे प्रवाशाचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. आडव्या लाकडी पट्ट्यांच्या या झडपांना बंगालीत ‘खडखडी’ म्हणतात. मधली उभी काठी खालीवर केली की पट्ट्या कलतात. ऊन बाहेर राहते, वारा मात्र आत येतो. चुना-सुरकीत बांधलेल्या जाड भिंती आणि मधोमध उघडे आंगण यांची त्याला जोड असते. १८६१ साली रवींद्रनाथ जेथे जन्मले, त्या ठाकूरबाडीतील आंगण पाहून मराठी माणसाला वाड्याचा चौकच आठवावा! तापलेली हवा त्यातून वर निघून जाते.

आता कित्येक ठिकाणी खडखड्या काढून काचा बसविल्या आहेत. मग वातानुकूलनयंत्र ओघानेच आले. दमट उन्हाळ्यात पंख्यावाचून भागत नाही, हे खरे; परंतु जुना पंखा जेथे सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तेथे नव्या धर्तीच्या पंख्याला तीसेक वॅट पुरतात. डागडुजी करताना भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नये. त्यामागे ओल कोंडते आणि जुनी वीट झडू लागते. चुन्यातून ती ओल वाळून जाते. खडखडीची पट्टी मोडली, तर सुतार तेवढीच बदलून देतो.