इंजिन बांधावे की बदलावे

जुने मालवाहू वाहन घरात असले की केव्हा ना केव्हा हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. इंजिन बांधून घ्यावे, की ते उतरवून त्या जागी दुसरे बसवावे? वरवर पाहता हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न आहे. मिस्त्री एक आकडा सांगतो, भंगारवाला दुसरा. त्यांतला लहान निवडावा आणि कामाला लागावे. आम्हा दोघा भावांचे मात्र या प्रश्नापायी गेल्या भाद्रपदातले पंधरा दिवस गेले आणि घरात बरीच बोलाचाली झाली. आमच्यातला धाकटा परंदवडीची शेती पाहतो, थोरला महाविद्यालयात मराठी शिकवतो. या लेखातले 'आम्ही' त्यामुळे संपादकीय नव्हे, शब्दशः दोघांचे आहे; जिथे आमचे पटले नाही तिथे ते तसेच ठेवले आहे.

गाडी टाटा २०७, २००४ साली आबांनी घेतलेली. सोमाटणे फाट्यावरून आत वळले की आमचे गाव लागते. खाचरांत इंद्रायणी भात, आणि अलीकडे गुलाब आणि झेंडू. फुलांचा व्यवहार निर्दय असतो. पहाटे माल गुलटेकडीच्या बाजारात पोचला नाही, तर उन्हे वर आल्यावर त्याला कोणी विचारत नाही. गाडी आमच्याकडे वाहन म्हणून नाही, अवजार म्हणून आहे. आबांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या हातची अशी ही एवढीच वस्तू रोज कामावर जाते.

ती तेल खाऊ लागली होती. सकाळी सुरू करताना निळसर धूर, चढावर भरल्या गाडीला दुसरा गिअर, आणि इंजिन तापल्यावर उभ्या गाडीत तेलाच्या दाबाचा लाल दिवा मिणमिणायचा. मिस्त्रींनी चालू इंजिनावरचे तेल भरायचे झाकण काढून दाखवले. आतून धापा टाकल्यासारखी वाफ येत होती. याचा अर्थ असा, की रिंगा आणि लायनर झिजल्यामुळे वर जळणाऱ्या डिझेलचा दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटत होता. ९७ मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडर, १०० मिलिमीटरची पिस्टनची धाव. पण ज्या मापांवर इंजिनाची ताकद उभी असते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागतात, आणि झीज नेमकी तिथेच होते.

इंजिन 'बांधणे' हा आपल्या गॅरेजांतला शब्द मोठा समर्पक आहे. मराठीत घर बांधतात, पोथी बांधतात, मोट बांधतात, तसे इंजिनही बांधतात. दुरुस्ती या शब्दात बिघाड आधी येतो. बांधण्यात सुटे झालेले पुन्हा एकत्र आणणे येते. फुल इंजिन काम म्हणजे लायनर-पिस्टनचा नवा संच, रिंगा, बेअरिंगे, हेडचे काम, व्हॉल्व्ह घासणे, पंप आणि नोझल तपासून घेणे, आणि क्रँकवर झीज असेल तर तो ग्राइंडिंगला पाठवणे. मिस्त्रींचा आकडा ब्याऐंशी हजारांचा आणि मुदत तीन आठवड्यांची होती.

धाकट्याने दुसरी वाट शोधली होती. कुर्ल्याच्या बाजारात त्याच जातीचे, मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेले इंजिन पंचावन्न हजारांत मिळत होते. तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. दसरा महिन्यावर आलेला. झेंडूची वर्षाची कमाई त्या चार दिवसांत होते. त्याचे म्हणणे टाकाऊ नव्हतेच. आणि इंजिन बदलण्याची आपल्याकडे चांगली जुनी परंपरा आहे. पेट्रोल महाग झाले तेव्हा कितीतरी जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसली; आकुर्डीला बनलेल्या मॅटॅडोरचे इंजिन पोटात घेऊन अॅम्बॅसिडर गाड्या लाखो किलोमीटर धावल्या. ही हौस नव्हती, पोटापाण्याची युक्ती होती. धाकट्याने आणखी जवळचा दाखला दिला. आपण पिकवतो तो इंद्रायणी भात तरी काय आहे? वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला हा वाण आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून झाला. वास आंबेमोहराचा, जोर परक्याचा. "तो खाताना तुला कधी हरकत घ्यावीशी वाटली नाही," तो थोरल्याला म्हणाला. याला उत्तर नव्हते.

इथे कायदाही मध्ये येतो. वाचकांपैकी कुणालाही आतापर्यंत नागसेनाने मिलिंद राजाला विचारलेला रथाचा प्रश्न आठवला असेल: चाके म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? नागसेनाला मात्र आरटीओत जायचे नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलले तर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणीपुस्तकात फेर करून घ्यावा लागतो, कारण तिथे चासी क्रमांकाबरोबर इंजिनाचा क्रमांकही लिहिलेला असतो. हा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो. म्हणजे ब्लॉक तेवढा राखून आतले क्रँक, पिस्टन, लायनर, वरचे हेड, बाजूचा पंप असे सगळे बदला. कायद्याच्या लेखी इंजिन तेच. उलट, आतला एकही भाग न उघडलेले सारख्याच जातीचे इंजिन आणून बसवा, ते दुसरे. गंमत वाटली तरी ही व्याख्या तितकीशी वेडगळ नाही. ओळख कुठेतरी ठोकून ठेवावी लागते, आणि ती सगळ्यांत कमी झिजणाऱ्या भागावर ठोकणे हेच शहाणपणाचे. कुर्ल्याच्या इंजिनाबरोबर मात्र ते कोणत्या गाडीतून निघाले याचा धड कागद नव्हता. चंदेरी रंग मारलेला होता, आणि "चालू करून दाखवतो" एवढीच हमी होती.

थोरल्याची बाजू खरे तर भावनेची होती. हे आबांचे इंजिन, आजवर त्याला कोणी हात लावलेला नाही, असे तो म्हणत होता. घरातही सगळे तसेच धरून चालले होते. झीज किती आहे ते पाहिल्याशिवाय बोलणे व्यर्थ, म्हणून मिस्त्रींनी खालचा चेंबर उतरवला आणि एक बेअरिंग काढून हातात दिले. पाठीवर बारीक अक्षरांत ०.२५ असा शिक्का होता.

"सर, हे इंजिन आधी खोललंय. क्रँक दहा थाऊवर आहे."

म्हणजे क्रँक पूर्वी एकदा पाव मिलिमीटर घासून त्याला जाड बेअरिंगे बसवलेली होती. आईला विचारले. तिला इंजिनाचे काही ठाऊक नव्हते. पण एका वर्षी महिनाभर आपली फुले दुसऱ्याच्या टेम्पोने गेली होती, आणि आबा विचारले की गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे म्हणत, एवढे तिला आठवत होते. त्या वर्षी थोरल्याची शहरातली फी भरायची होती, हेही तिने त्याच वाक्यात सांगितले.

धाकटा लगेच म्हणाला, मग आता कसला अस्सलपणा राखायचा आहे? वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा युक्तिवाद ओळखीचा असेल. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे ती नकला करणाऱ्यांच्या हातांतून फिरली, पाठ झिजले, कुठे परकी भर पडली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. वारकऱ्यांच्या पारायणात प्रामुख्याने आहे ती ही एकनाथी बांधणीची ज्ञानेश्वरी. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापली आणि तिच्या अस्सलपणावर वाद झडले. अभ्यासाला ती प्रत हवीच. पण एकनाथांनी हात लावला म्हणून ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांची राहिली नाही, असे कोणी म्हटलेले आम्हाला ठाऊक नाही. आधी एकदा बांधलेली वस्तू पुन्हा बांधायला अपात्र ठरत नाही. उलट ती बांधली जाऊ शकते याचा पुरावा हाती असतो.

"पोथीला भरल्या क्रेटा ओढायच्या नसतात," धाकट्याने सुनावले. तेही खरेच.

शेवटी निर्णय झाला तो बेअरिंगवरच्या त्या शिक्क्यामुळे, पण आबांच्या आठवणीने नव्हे. पाव मिलिमीटर घासलेला क्रँक आणखी पाव मिलिमीटर घासता येतो, त्या मापाची बेअरिंगे बाजारात मिळतात, आणि ब्लॉकला कुठे चीर नव्हती. म्हणजे आमच्या इंजिनाविषयी आता आम्हाला नेमके कळले होते: काय झिजले आहे, किती वेळा घासले आहे आणि अजून किती वाव उरला आहे. कुर्ल्याच्या इंजिनाचा क्रँक कोणत्या थाऊवर आहे, हे चेंबर उतरवल्याखेरीज कळणार नव्हते, आणि पैसे मोजण्याआधी चेंबर उतरवू द्यायला विकणारा तयार नव्हता. सत्तावीस हजारांचा फरक हा त्या अज्ञानाचा भाव होता. धाकट्यालाही हे पटले. मात्र त्याने अट घातली, की घटस्थापनेपर्यंत काम पुरे व्हावे आणि तोवरचे भाड्याच्या गाडीचे पैसे थोरल्याने भरावेत. अट रास्त होती. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणू नये हे आईचे म्हणणेही आमच्या पथ्यावर पडले. जुने इंजिन नवी वस्तू धरायची की नाही, या शास्त्रार्थात शिरण्याची वेळ आली नाही.

क्रँक भोसरीला ग्राइंडिंगसाठी गेला. मापे घेणारा कारागीर साठीचा होता. मायक्रोमीटर एकदा उभा, एकदा आडवा धरून त्याने प्रत्येक जर्नलची दोन मापे खडूने फळीवर लिहिली. आकडे सारखे नसले तर जर्नल अंडाकृती झाला असे समजायचे. हाताखाली शिकायला आता कोणी येत नाही, असे तो कामात मान न उचलता म्हणाला.

काम घटस्थापनेला नव्हे, त्यानंतर तीन दिवसांनी संपले. मिस्त्रींनी बजावले, की पहिले हजार किलोमीटर निम्माच माल भरायचा, गाडी पळवायची नाही, मग तेल बदलून आणायचे. म्हणून दसऱ्याचा झेंडू निम्मा आमच्या गाडीतून गेला आणि निम्मा भाड्याच्या. लाल दिवा आता मिणमिणत नाही. भाडे, मजुरी आणि सामान धरून धाकट्याने वहीत एकूण एक लाख सात हजार मांडले आहेत. कुर्ल्याचे इंजिन आणले असते तर दसऱ्यातच निम्मे पैसे सुटले असते, असे तो अजून म्हणतो.