दुकान घरी आले

नोएडा हे मुळात गावाचे नाव नव्हे. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या एका औद्योगिक विकास प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले. येथील वस्त्या बहुधा आकड्यांनी ओळखल्या जातात. अशा नगरात माणसाला माणूस सापडतो तो खुणेने. अट्टा बाजारातील आमच्या अण्णांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान ही अशीच एक खूण होती. सातारा सोडून ते प्रथम दिल्लीस आले आणि १९८६ साली येथे स्थिरावले. काचेची एक पेटी, तिच्यात चिमटे, बारीक पेचकस, तेलाची कुपी आणि डोळ्याला लावायचे भिंग, एवढाच त्यांचा सरंजाम.

त्या काळी मनगटावर बहुधा एचएमटीचे घड्याळ असे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला त्यांचे उत्पादन सुरू झाले. रोज चावी द्यावी लागणारे हे घड्याळ काही वर्षांनी उघडून, धुऊन, त्याला तेल द्यावे लागे. अण्णांचा संसार त्या तेलाच्या थेंबांवर चालला. पुढे क्वार्ट्झचे घड्याळ आले. त्यात सेल बदलायचा, आणि बिघडलेच तर आतले यंत्र सबंध काढून दुसरे बसवायचे. दुरुस्ती उरली नाही, अदलाबदल उरली. त्यानंतर लोक वेळ मोबाइलवर पाहू लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये मेट्रो अठरा सेक्टरपर्यंत आली, बाजारात गर्दी वाढली, गर्दीबरोबर भाडेही वाढले. आमच्या पेटीपुढे मात्र कोणी थांबेना. २०१६ च्या आरंभी केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते पुन्हा कामाला लागले.

२०१९ साली मी एका कागदावर हिशेब मांडला. एका बाजूस भाडे व वीज, दुसऱ्या बाजूस मिळकत. दुकान घरी हलवावे, हा निष्कर्ष लहान मुलासही कळला असता. अण्णांनी कागद वाचला आणि काही न बोलता बिस्किटांचा एक जुना डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात सदतीस घड्याळे होती. दुरुस्त झालेली, पण कोणी न्यायला न आलेली. प्रत्येकास दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली.

“हे लोक आले तर कुठे येतील?” त्यांनी विचारले.

“अण्णा, ते केव्हाच विसरले असतील.”

“ते विसरले असतील. पावती मी दिली आहे.”

माझ्या हिशेबात या डब्याला रकाना नव्हता.

अखेर दुकान हलले. सारे सामान एका ई-रिक्षात मावले, आणि तेच मला अधिक लागले. आईने खिडकीजवळची आपल्या शिवणयंत्राची जागा मुकाट्याने रिकामी केली. दारावर पाटी लावू या, असे मी सुचवले. अण्णांनी नकार दिला. नोएडाच्या निवासी सेक्टरांत बँका, शुश्रूषागृहे चालवता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०११ चा निर्णय त्यांच्या लक्षात होता. म्हाताऱ्या कारागिराच्या एका टेबलाशी त्याचा काय संबंध, असा वाद मी घातला. ते म्हणाले, “पाटी म्हणजे बाजार. बाजार आपण सोडला.” जुन्या दुकानाच्या फळीवर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने घरचा पत्ता लिहून चिकटवला. नवा भाडेकरू मोबाइलची कव्हरे विकतो. त्या भल्या माणसाने तो कागद पावसाळ्यापर्यंत राहू दिला.

भाडे वाचले, हे खरे. काम थोडे येते, पण पूर्वीच्या तोलाचे येते. कोणी वडिलांचे, कोणी आजोबांचे घड्याळ जपून घेऊन येतो. तरीही काही तरी उणे आहे. दुकानात अनोळखी माणूस येत असे, क्षणभर टेकत असे, पाऊस आणि महागाई यांवर बोलून जात असे. घरी येतो तो ओळखीचाच. अण्णा आजही दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसतात. आई दुपारी जेवायला हाक मारते, तेव्हा “आलो, गिऱ्हाईक आहे,” असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

सदतीसपैकी चार घड्याळे आजवर गेली. उरलेल्यांना ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेस चावी देतात. यंत्र नुसते पडून राहिले की तेल घट्ट होते. त्या दिवशी खोलीत तेहतीस घड्याळांची टिकटिक चालते. एकदा मी सुचवले की, निदान चिठ्ठ्यांवर तरी नवा पत्ता लिहू या. अण्णांनी भिंग काढले. “चिठ्ठीचा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे,” ते म्हणाले, “त्यावर अट्टा बाजारच लिहिलेले आहे. तो आपल्याला कसा खोडता येईल?”