काचेला चिकटलेले छायाचित्र

रामाकोन्याच्या आमच्या घरी माजघराच्या दारावर एक सामूहिक छायाचित्र कित्येक वर्षे टांगलेले होते. दहा इंच बाय बारा इंचांचे, शिसवी चौकटीतले. स्वातंत्र्यापूर्वी केव्हातरी नागपूरहून एक छायाचित्रकार छोट्या गाडीने येथे आला आणि अंगणात सतरंजी अंथरून त्याने घरातली एकवीस माणसे तीन ओळींत बसवली, एवढेच आम्ही ऐकत आलो. ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, रूळ रुंद झाले. छायाचित्र मात्र जागचे हलले नाही, आणि तेच त्याच्या मुळावर आले. भिंतीची ओल वर्षानुवर्षे झिरपत राहिली व कागद काचेला चिकटला. सोडवू जावे तर चेहरेच सोलून निघायचे.

गेल्या दिवाळीत घराची वाटणी ठरली. माजघराची ती भिंत पडणार. शेतीचे तुकडे करता येतात, संत्र्याची झाडे मोजून देता येतात, या एका चौकटीचे काय करायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा नागपूरला छायाचित्रणाचा व्यवसाय करणारा आमचा पुतण्या म्हणाला, "काका, काचेवरूनच प्रत घेऊ. मोठा कॅमेरा दोन दिवसांच्या भाड्याने आणतो."

हे ऐकून ओसरीवर बसलेल्या आत्याबाई सावध झाल्या. छायाचित्रातल्या एकवीस जणांपैकी हयात त्या एकट्याच. पुढच्या ओळीत, आईच्या शेजारी, चार वर्षांची परकरी पोर म्हणजे त्या. आज नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांची आई, म्हणजे आमची आजी, ते छायाचित्र काढल्यावर वर्षाच्या आतच गेली. तिचे दुसरे छायाचित्र नाही. आणि या एकुलत्या एकात तिच्या चेहऱ्याच्या जागी एक करडा पट्टा आहे, ओल्या बोटाने पुसल्यासारखा. ओलीनेच तो गेला, असे घरात सारे समजत असत.

"एवढा मोठा कॅमेरा आणून राहिला," आत्याबाई म्हणाल्या, "तर माझ्या मायचा चेहरा काढून दे बाप्पा."

कॅमेरा आला तो फुजीफिल्मचा, २०२१ साली निघालेला, जीएफएक्स १००एस या नावाचा. मीडियम फॉरमॅट हे नाव ऐकून आम्ही काही अजस्र यंत्राची कल्पना केली होती. हाती घेतला तर एक किलोलाही थोडा कमी. मध्यम हा शब्द जुन्या स्टुडिओंच्या काचेच्या मोठ्या प्लेटा आणि पस्तीस मिलिमीटरची फिल्म यांच्या मधल्या आकारासाठी आला. आमच्या तरुणपणी काकांकडे यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. त्यात १२० क्रमांकाची फिल्म लागे, साठ मिलिमीटरच्या आसपास रुंदीची, आणि एका रिळात चौकोनी चित्रे बाराच निघत. वरून डोकावून पाहावे लागे, डावे उजवे उलटे दिसे. छायाचित्रकाराने समोरच्या माणसापुढे मान झुकवल्याखेरीज काम होतच नसे. नव्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी ४४ बाय ३३ मिलिमीटरचा संवेदक आहे. तो त्या जुन्या फिल्मपेक्षा लहान, पण नेहमीच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यातील ३६ बाय २४ च्या संवेदकाच्या पावणेदोनपट म्हणता येईल एवढा. त्यावर दहा कोटींहून अधिक बिंदू मावतात. आमच्या चौकटीच्या हिशेबाने इंचाला आठशेहून जास्त. हा हिशेब पुतण्याने मांडला आणि आम्ही तो जरा जास्तच ऐटीत आत्याबाईंना ऐकवला, हे येथे कबूल करतो.

पहिला दिवस वाया गेला, आणि तो आमच्या हट्टाने. वरच्या माडीवर उजेड चांगला म्हणून तिपाई तेथे मांडा, असे आम्हीच सांगितले. या कॅमेऱ्यात एक करामत आहे: संवेदक केसाच्या अंशाएवढा सरकवीत तो ओळीने सोळा छायाचित्रे घेतो व नंतर संगणकावर त्यांचे चाळीस कोटी बिंदूंचे एकच चित्र जुळवता येते. दहा कोटी हाताशी असता आम्हांला चाळीस हवे झाले. पण माडीची जमीन सागाच्या पाटणीवर मातीची. अंबिया बहराची संत्री भरलेला ट्रक छिंदवाड्याच्या रस्त्याने गेला की पायांना कळणार नाही असा कंप तिपाईला कळे. खाली कोणी उखळात काही कुटले तरी तेच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र स्वच्छ दिसे. संगणकावर पूर्ण मोठे केले की कडांना जाळी पडलेली. साध्या कॅमेऱ्यात खपून जाणारी हयगय हा खपवून घेत नाही. जेवढे जास्त बिंदू, तेवढी थरथर जास्त स्पष्ट. संध्याकाळी पुतण्या काही बोलला नाही. आम्हीच तिपाई उचलून खाली आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीच्या फरशीवर, घडवंचीला टेकवून चौकट उभी केली. एका बाजूने अंगणाचा सावलीतला उजेड, दुसऱ्या बाजूला पांढरे धोतर ताणून धरलेले, म्हणजे दोन्हींकडून प्रकाश सारखा. उरले काचेतले प्रतिबिंब. तिरपी चकाकी ध्रुवक भिंगाने मारता येते, पण नेमके समोरचे प्रतिबिंब त्याला जुमानत नाही. कॅमेरा स्वतःलाच काचेत पाहत राहतो. त्यावर उपाय जुनाच आहे. काळ्या घोंगडीला भोक पाडून त्यातून फक्त भिंग बाहेर काढले. घोंगडी कोणाच्या वाटणीत जाणार, हे अद्याप ठरले नव्हते. असो.

कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा, नाहीतर एका कडेची माणसे किंचित मोठी, दुसऱ्या कडेची धूसर. त्यासाठी चित्राच्या मध्यभागी सपाट आरसा टेकवतात आणि आरशात भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत तिपाई हलवतात. आरसा शोधताना आत्याबाईंनी स्वतःची फणेरपेटी पुढे केली. तिच्यातला आरसा निघत होता, तोच लावला. पेटी आईची, हे त्या सांगत होत्या, पण आमचे लक्ष कॅमेऱ्याकडे.

भिंग १२० मिलिमीटरचे मॅक्रो, छिद्र एफ ८, आयएसओ १००, वेळ सेकंदाचा आठवा भाग. छिद्र याहून फार बारीक केले तर प्रकाश कडांवर पसरतो आणि एवढ्या सूक्ष्म बिंदूंवर ते लगेच कळते. बटण हाताने न दाबता दहा सेकंदांचा विलंब लावला. "कोणी चालू नका!" असे पुतण्या ओरडे, आणि दहा सेकंद सारे घर जेथल्या तेथे उभे राही, सूप हाती घेतलेली वहिनी, दारात चुलत भाऊ, ज्याच्याशी वाटणीवरून महिनाभर धड बोलणे नव्हते, आणि आम्ही. अशा अकरा खेपा झाल्या.

दुपारी ते चित्र संगणकावर उघडले आणि आत्याबाईंची खुर्ची पुढे ओढली. आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बायकांच्या जागी बहुधा "पत्नी" एवढाच शब्द, कधी तोही नाही. चौकटीत असताना तिसऱ्या ओळीतल्या बायका म्हणजे सारख्या लुगड्यांची एक रांग होती. आता एकेक चेहरा पडदाभर झाला. कपाळावरचे कुंकू काळे, कारण त्या काळच्या पुष्कळशा प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे. आत्याबाई प्रत्येकीपाशी थांबत. ही पांढुर्ण्याची, हिचे माहेरचे नाव असे, सासरी बदलून असे. ही लाल लुगड्यातली मोठी आत्या, बाळंतपणाला आली ती परत गेली नाही. आम्ही वहीत उतरवून घेत होतो. दिवेलागणीपर्यंत नऊ नावे झाली, त्यांतली सहा आम्ही जन्मात ऐकली नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "आता मायकडे चाल."

पुतण्याने त्या भागाचे वेगळे, अगदी जवळून घेतलेले छायाचित्र उघडले. एवढ्या जवळून स्पष्टतेची खोली एका मिलिमीटरहूनही कमी राहते. काचेवरचा ओरखडा धरावा तर मागचा कागद सुटतो. म्हणून यंत्रावर न सोपवता त्याने हाताने, चित्र पडद्यावर मोठे करून, कागदाच्या दाण्यावर स्पष्टता आणली होती. दाणा न दाणा दिसत होता. आणि चेहऱ्याच्या जागी तो करडा पट्टा, तसाच, मात्र अत्यंत सुस्पष्ट. तो ओलीचा डाग नव्हता. ओलीने कागदाचा दाणा फुगतो, बुरशीची नक्षी उमटते. येथे दाणा अखंड होता. बाईने मान वळवली होती. छायाचित्रकाराने झाकण काढून ठेवले होते तेवढ्या वेळात तिने बाजूच्या पोरीकडे पाहिले, आणि प्लेटवर चेहरा कधी ठरलाच नाही. जे तेव्हा उमटले नाही ते दहा कोटी बिंदू कोठून आणणार? हे आत्याबाईंना कसे सांगावे ते आम्हांला सुचेना. आदल्या दिवशीची ऐट आठवली.

पोरगा हळवा आहे. त्याने मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला तो तुकडा दिला आणि मिनिटभरात चेहरा तयार झाला. मोठे डोळे, रेखीव नाक, किंचित हसू. आम्हांलाही क्षणभर वाटले, असू द्यावे; नव्वदीच्या बाईचे समाधान होते, कोणाचे काय जाते? त्याने मोबाइल त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा सारखा केला, पुष्कळ वेळ पाहिले.

"बाई देखणी आहे," त्या म्हणाल्या. "कोणाघरची हो?"

पुतण्याने मोबाइल परत घेतला. कोणी काही बोलले नाही. आम्ही मग खरे काय ते सांगितले: ओल नव्हे, आई हलली होती, तुमच्याकडे वळली होती. त्यांनी पुन्हा संगणकाकडे पाहिले आणि बोट पडद्याच्या खाली नेले. "हे काय आहे?"

पुतण्याने चित्र खाली सरकवले. आईचा हात होता. पोरीचे मनगट त्या हाताने गच्च धरलेले, आणि धरलेले म्हणूनच दोन्ही हात मुळीच हललेले नव्हते. पाटल्यांमधल्या बांगड्या मोजता येत होत्या. नखांच्या कडा दिसत होत्या.

"जोरात धरलं होतं तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "मी उठून पळून राहिली होती. तेवढं आठवते."

संध्याकाळी कॅमेरा परत पाठवायचा होता. प्रती किती काढायच्या, कोणत्या आकाराच्या, हे पुतण्याने लिहून घेतले. चार वाटण्यांच्या चार. आत्याबाईंची पाचवी, तीत पूर्ण चित्र हवे की नुसता हात, असे त्याने विचारले. त्या म्हणाल्या, पूर्णच दे, आणि माझी पेटी कुठे ठेवली? आरसा अजून घडवंचीवर होता.